बॅटरी वाचवणाऱ्या ॲपनेच बॅटरीही खाल्ली आणि पैसेही

ई-इंक (कागदासारखी दिसणारी स्क्रीन) टॅबलेटवर पुस्तकं वाचणाऱ्यांनी हे जरूर वाचा, माझे पैसे गेले ते गेले, तुमचे जाऊ नयेत.

माझा रीडर अँड्रॉइडवाला आहे. आधी एकदा चार्ज केला की आठवडाभर बघायला लागायचं नाही, मग एकदम तीन दिवसांवर आला. रात्री ७० वर ठेवला तर सकाळी ५५, मधे हातसुद्धा लावलेला नाही. तेवढ्यात एका ॲपमध्ये बॅटरी वाचवणाऱ्या दुसऱ्या ॲपची जाहिरात आली की ३४ ॲप्स गुपचूप तुमची बॅटरी खातायत, लगेच बंद करा. मी वैतागलेली होतेच, टाकलं. ७ दिवस फुकट आणि मग पैसे, पण ते मग पैसे इतक्या फिक्या बारीक अक्षरात की करड्या स्क्रीनवर धड दिसतच नाही. परवानग्या मागितल्या त्यात ॲक्सेसिबिलिटीपण होती, म्हणजे स्क्रीनवरचं वाचायची आणि आपल्या वतीने बटणं दाबायची मुभा!! ही कुठल्याही बॅटरीवाल्या ॲपला देऊ नका, मी दिली.

स्कॅन दाबलं की गोल चक्र फिरायचं आणि ३४ ॲप्स बंद केली असं यायचं. आणि बॅटरी? तीनाची दोन दिवसांवर आली. शेवटी संशय आला म्हणून टॅबलेट रीस्टार्ट केला, काहीही उघडलं नाही, वायफाय बंद, आणि स्कॅन मारलं तर ३४. लगेच परत मारलं, परत ३४. म्हणजे आकडाच खोटा! सेटिंगमध्ये बॅटरी वापर उघडला तर सगळ्यात वर हेच ॲप.

का ते नंतर कळलं. ई-इंकवर पान नुसतं दिसत ठेवायला वीज लागत नाही, पान बदलताना लागते, आणि हे ॲप चक्र फिरवणार, हलत्या जाहिराती दाखवणार, म्हणजे स्क्रीन सारखी रिफ्रेश, बंद केलं तरी चक्राचा पुसट डाग पुस्तकाच्या पानावर राहायचा. शिवाय जबरदस्तीने मारलेली ॲप्स बरेचदा थोड्या वेळाने आपोआप उठतात आणि पहिल्यापासून चालू व्हायला उलट जास्त बॅटरी घेतात. पडून असलेल्या टॅबलेटची बॅकग्राउंड कामं थोपवणारं डोझ तर २०१५ पासून, अँड्रॉइड ६ पासून सिस्टीममध्येच आहे, आणि या ॲपने बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून, म्हणजे याच थोपवण्यातून, स्वतःला सूट मागून घेतली होती, तीही मीच दिलेली.

मग ॲक्सेसिबिलिटी काढून घेतली, ॲप अनइन्स्टॉल केलं, वाटलं सुटले. पुढच्या महिन्यात परत पैसे कापले. ॲप काढलं तरी सबस्क्रिप्शन चालूच राहतं हो, ते स्टोअरच्या खात्यात सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन वेगळं रद्द करायला लागतं, आणि फुकटचे दिवस संपायच्या आधीच करायचं.

खरा चोर वेगळाच निघाला. पुस्तकांची दोन ॲप्स आणि एक क्लाउडवालं रात्रभर वायफायवर सिंक करत बसायची. तिघांची बॅकग्राउंड परवानगी बॅटरी सेटिंगमध्ये बंद केली, पुस्तकं आधीच डाउनलोड करून वाचताना वायफाय बंद ठेवते, फ्रंटलाइट (स्क्रीनवरचा दिवा) लागेल तेवढाच. काल रात्री ७२ वर ठेवला होता, सकाळी ७१. ॲपवाल्यांना रिफंडसाठी तीन मेल टाकलेत, एकाचंही उत्तर नाही.