ऑइल पेंट आणि फोमचा रोलर: जुन्या एमएम ५४० चा घरगुती रंग, एक पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

जीपला रंग कुठे मारून घेतलास म्हणून बरेच जण विचारतायत, तर कुठेच नाही, घरी मारला, अंगणात, आणि खिडकीच्या ग्रिलला मारतात तोच सिंथेटिक इनॅमल म्हणजे आपला ऑइल पेंट, तोही रोलरने. पावसाळा पूर्ण निघून गेल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलेलं कारण नवा रंग सगळ्यांचाच छान दिसतो.

गाडी महिंद्राची एमएम ५४० जीप, प्यूजोचं डिझेल इंजिनवाली, राहणार संगमेश्वर तालुका. काम काय तर बागेत खत नेणं, सीझनला आंब्याचे क्रेट आणणं, आणि वाट अशी की दोन्ही बाजूंनी करवंदीची जाळी अंगाला घासते. गॅरेजवाल्याने पन्नास हजाराच्या वर सांगितले, पत्र्याचं काम वेगळं. त्याची काही चूक नाही, रंगाचा बंद बूथ, स्प्रे गन, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पेंट, माणसाची मजुरी सगळं धरून तेवढे होतातच. पण पन्नास हजाराचा रंग मारलेली गाडी मी त्या जाळीतून नेली नसती, मग गाडी ठेवायची कशाला?

या कामाला जीपसारखी गाडी नाही. बाजू सपाट, बोनेट सपाट, पत्रा जाड, काच दुमडून पुढे आडवी होते, आणि निम्मी गाडी पान्याने सुटते. मडगार्ड, बोनेट, टेलगेट काढून स्टुलावर आडवे ठेवून मारले तर ओघळ येत नाहीत. हेच गोलाकार अंगाच्या नवीन गाडीवर रोलरने कराल तर लोक हसतील.

आता मालाविषयी. एशियन पेंट्सचा ॲपकोलाइट, बर्जरचा लक्झोल, नेरोलॅकचा सिंथेटिक, सगळे एकाच कुळातले, हार्डवेअरच्या दुकानात जो ताजा डबा मिळेल तो घ्या. हा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतो, नुसता थिनर उडून नाही, आणि त्याचा चांगला-वाईट सगळा स्वभाव यातच आहे. पातळ हात मारला तर दुसऱ्या दिवशी कडक. जाड थापला की वरून साय धरते आणि आत आठवडाभर ओला राहतो, मग त्यावर दुसरा हात मारला की सुरकुत्या. म्हणून डब्यातला रंग तसाच मारायचा नाही, टर्पेंटाइन घालून ताकाइतका पातळ करायचा आणि जास्त हात मारायचे. पहिल्या हाताला खालचा प्रायमर दिसणार, घाबरून अजून लावायला जाऊ नका.

रोलर घेताना दुकानदाराला ऑइल पेंटचा चार इंची बारीक फोमचा द्या म्हणून सांगा, भिंतीचा केसाळ देतील तो नको. स्वस्त फोम टर्पेंटाइनमध्ये फुगतो आणि त्याचे कण रंगात येतात. रोलर फिरवून झाला की लगेच मऊ कोरडा ब्रश अगदी हलका, वरून खाली एकदाच ओढायचा, बुडबुडे फुटतात. दोन हातांच्या मध्ये ६०० नंबरचा वॉटर पेपर (घासायचा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून, शेवटच्या हाताआधी ८००. हे जो करेल त्याचा रंग दोन हातांच्या अंतरावरून गनने मारल्यासारखा दिसतो, जवळ गेल्यावर ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, थोडा दिसतोच, मला चालतो.

खरं काम मात्र रंगाच्या आधीचं, आणि यूट्यूबवर नेमकं तेच पळवतात. कोकणातली गाडी म्हणजे गंज कुठे आहे यापेक्षा कुठे नाही ते शोधायचं. बॅटरीचा ट्रे, पाय ठेवतो तो फ्लोअर, टबचे (बॉडीच्या खोक्याचे) मागचे कोपरे, काचेच्या फ्रेमची खालची पट्टी, इथे आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आरपार गेला तर पत्रा कापून वेल्डिंगवाल्याकडून तुकडा मारून घ्या, भोकावर लांबी (पुटी) भरून वर रंग म्हणजे पैसे पाण्यात, पुढच्या आषाढात लांबीचा पोपडा हातात येतो. बाकी गंज ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून चमकेपर्यंत काढला, जिथे ब्रश पोचत नाही तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजाचं कन्व्हर्टर, गंज काळा पडला की पाण्याने पुसून पूर्ण वाळवायचं. जुना रंग शक्यतो ओलाच घासा, कारण घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत असलं पाहिजे हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या थरांमध्ये काय आहे कोणाला माहीत, आणि ती धूळ पोरं खेळतात त्या अंगणात उडवायची नाही.

मग थिनरच्या फडक्याने ग्रीस पुसून रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात. रेड ऑक्साइड मारून गाडी बाहेर पंधरा दिवस उभी करणारे पण आहेत, प्रायमर ओल शोषतो हो, तो छत्री नाहीये, वर रंगाचा हात लगेच पाहिजे.

मुहूर्ताचं म्हणाल तर माघ-फाल्गुन, पाऊस नाही आणि ऊन अजून भाजत नाही. सकाळी दव उडाल्यावर सुरुवात आणि दुपारी तीनपर्यंत बंद, संध्याकाळी दमट हवा ओल्या रंगावर बसली की चमक जाते आणि पांढरट झाक येते. पण याच दिवसांत आंब्याला मोहोर असतो आणि मोहोरावर तुडतुडे, ते ओल्या बोनेटवर येऊन बसतात ते कायमचेच. काढायला जाऊ नका, बोट लावाल तर दहा पट खराब होईल. सुकू द्या, नखाने टिचकी मारा, मग ८०० च्या पेपरने तेवढीच जागा. माझ्या बोनेटवर डाव्या बाजूला त्यांची एक पूर्ण वसाहत आहे, शेजारच्या काकांनी विचारलं डिझाइन आहे का.

खर्च: रंगाचा चार लिटरचा डबा, प्रायमर, टर्पेंटाइन, पेपर, टेप, लांबी, कन्व्हर्टर सगळं मिळून आठ हजाराच्या आत. ग्राइंडर मित्राचा. वेल्डिंगवाल्याचे वेगळे.

पावसाळ्यानंतरचा हिशेब. बाजू आणि मडगार्ड ठणठणीत, करवंदीचे ओरखडे वरच्या थरातच राहिले. फ्लोअरवर बूट घासून प्रायमर दिसायला लागला, ते होणारच होतं. डिझेल भरताना सांडतं तिथे रंग मऊ पडून डाग धरला. बोनेटची चमक जरा उतरली, उन्हात हा रंग पीयूइतका टिकत नाही, दोन-तीन वर्षांनी खडूसारखा होणार हे धरून चाला. पण टचअप काय, तर उरलेल्या डब्यातला रंग, लहान ब्रश, अर्धा तास, शेड जुळवायचं टेन्शन नाही. गॅरेजच्या रंगाला हे सुख नाही.

मोठा तोटा एकच, आणि तो कोणी आधी सांगत नाही. एकदा इनॅमल मारला की त्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) किंवा पीयू पेंट चालत नाही, त्यांचा थिनर खालचा थर उचलतो आणि सगळं फुगून वर येतं. पुढे कधी गाडी शोसाठी करायची असेल तर हे सगळं खरवडावं लागणार. मग पीयूच घरी का नाही मारायचा? त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, गनने उडवले की फुप्फुसात जातात, दमा लागू शकतो, आणि मेडिकलमधला मास्क तिथे काही कामाचा नाही. ते बूथवाल्यांनाच करू दे.

रंग निवडताना मिलिटरी हिरवा नको. जीप म्हटली की सगळ्यांना तोच सुचतो, पण ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना, मोटार वाहन नियमांत १२१ नंबरला स्पष्ट लिहिलंय. दुसरा कुठलाही रंग बदललात तरी आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते. माझं रीपासिंग तोंडावर होतं म्हणून आरसीवरचाच निळा ठेवला, इन्स्पेक्टर साहेबांनी चेसिस नंबर बघितला, लाइट बघितल्या, रंगावर एक शब्द नाही.

माझ्याकडून पाचात साडेतीन, शहरातल्या पार्किंगमधल्या गाडीसाठी असेल तर दोन. आणि चेसिसला मात्र हा इनॅमल मारू नका, दगड लागून टवके उडतात, तिथे काळा बिटुमिनस पेंट ब्रशने थापून मारा, चमक कोणी बघायला येत नाही.