वर्षभर वापरलेली वंशावळीची साइट आणि वडिलांच्या आडनावाचा रकाना

गेल्या मंगळवारी कार्डावरून पुन्हा १४० डॉलर गेले, म्हणून हे लिहायला बसले. सहा-सहा महिन्यांचा प्लॅन, तिसरा हप्ता, एकूण ४२०. साइटचं नाव देत नाही, कारण रिफंडचं भांडण अजून मिटलेलं नाही. जनगणना, जहाजांच्या याद्या, डीएनए वगैरे काय काय मिळतं ते जाहिरातीत असतंच, त्यामुळे त्यावर शब्द घालवत नाही.

शोध माझा नव्हताच, सासूबाईंचा होता. मी मूळची सांगलीकडची, लग्नानंतर नेब्रास्कात लिंकनला आले. सासूबाईंचे पणजोबा स्वीडनहून आले आणि १८७३ च्या सुमाराला पोल्क काउंटीत माळावर जमीन धरून राहिले. घरातली कहाणी एकच, दर थँक्सगिव्हिंगला टर्कीसोबत वाढली जाणारी: "सरकारने त्यांना १६० एकर फुकट दिली." स्वीडनमधलं गाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पंचाहत्तरीला त्यांना हे सबस्क्रिप्शन भेट द्यायची कल्पना माझी. पासवर्ड त्यांचा, टायपिंग माझं आणि कार्डही माझं.

पहिले दोन महिने मजा आली, खोटं कशाला बोलू. १८८० ची जनगणना, १८८५ ची नेब्रास्काची वेगळी गणना आणि १९०० ची, तिन्हीकडे पणजोबा सापडले. मधली १८९० ची मिळत नाही, कारण १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत आणि नंतरच्या हलगर्जीपणात ती जवळजवळ सगळी गेली. तरी साइट शोधाच्या फिल्टरमध्ये "१८९०" दाखवते, आपण आशेने टिचकी मारतो आणि हाती काहीच लागत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. साइटवरच्या वंशावळीच्या झाडात एखाद्याचे वडील जोडायला गेलं की वडिलांच्या आडनावाच्या रकान्यात मुलाचं आडनाव आपोआप भरलं जातं. एवढंच. पण या एवढ्याशा रकान्याने आमचे सात महिने खाल्ले.

स्वीडनच्या खेड्यापाड्यांत तेव्हा आडनाव असं नव्हतंच. समजा, योहानचा मुलगा, तर तो योहान्सन. मुलगी असेल तर योहान्सदोत्तर. खुद्द योहान हा पेरचा मुलगा, म्हणून तो पेरसन. एका घरात बाप पेरसन, मुलगा योहान्सन. अमेरिकेत आल्यावर योहान्सनचा जॉन्सन झाला आणि तिथेच गोठला. साइट मात्र बापालाही जॉन्सन करून टाकते, आणि मग "हे तुमचे पूर्वज असू शकतात" म्हणून इलिनॉयमधला भलताच जॉन्सन आणून उभा करते. त्याला अकरा मुलं. त्यातल्या एकाचा जन्म आईच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. हेच झाड निदान तीस जणांनी डोळे मिटून उतरवून घेतलंय, आणि तीस जणांनी उतरवलं म्हणून साइट त्याला आणखी वर ढकलते.

सासूबाईंना हे बाप-लेकांच्या नावांचं पटेना. त्यांना वाटलं, पणजोबा अनौरस वगैरे होते की काय. दोन दिवस घरात शांतता. शेवटी मी आमच्या जुन्या सातबाऱ्याचा फोटो काढून दाखवला. त्यावर नुसतं "गणपत बाळा" आहे, म्हणजे बाळाचा गणपत, आडनावाचा पत्ता नाही. हे त्यांना लगेच कळलं. आमच्याकडे हेळवी दारात उभा राहून पिढ्या घडाघडा म्हणून दाखवतो, धान्याचं सूप आणि थोडे पैसे घेतो, पण बापाला मुलाचं आडनाव चिकटवत नाही. कस्टमर केअरला हा रकाना रिकामा सोडायची सोय करा म्हणून चार वेळा लिहिलं. चारही वेळा "तुमचा अभिप्राय मोलाचा आहे".

इथपर्यंत माझं मत पाचातला एक तारा असं होतं. नंतर जे झालं त्याने ते बदललं, पण साइटच्या बाजूने फारसं नाही.

आठव्या महिन्यात गावच्या लायब्ररीत दुसऱ्याच कामाला गेले होते. तिथल्या बाईंनी सहज सांगितलं की हीच साइट लायब्ररीच्या संगणकावर फुकट बघता येते. फुकट! मी तिथेच बाकावर बसले. त्याच बाईंनी पुढचा रस्ता दाखवला: अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) संकेतस्थळावर जमिनीच्या सनदा फुकट दिसतात. नाव आणि काउंटी टाकली, दहा मिनिटांत पणजोबांची सनद समोर. तिथल्या मोजणीत सहा मैल गुणिले सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एकेक ६४० एकरांचा. यांच्या वाट्याला एका सेक्शनचा नैऋत्येकडचा पाव, म्हणजे बरोबर १६० एकर.

सनदेवर नाव आणि जमीन, बस्स. खरा माल त्यामागच्या फायलीत असतो. सनद म्हणजे सातबारा धरा, तर ही फाइल म्हणजे सगळे फेरफार, जबाब आणि पावत्या एकत्र. नेब्रास्काच्या या फायली स्कॅन झाल्यात आणि होमस्टेड कायद्याच्या (राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) नावाने उभ्या असलेल्या राष्ट्रीय उद्यानात बघता येतात. ते बिॲट्रिसला आहे (इथले लोक 'ॲ' वर जोर देतात, "बीट्रिस" म्हटलं की हसतात), आमच्यापासून चाळीस मैल. पेट्रोल सोडलं तर खर्च शून्य.

फाइल उघडली तेव्हा सासूबाई चष्मा पुसत होत्या. पहिलीच पावती १४ डॉलरची, शेवटची ४ डॉलरची. म्हणजे "फुकट" जमीन १८ डॉलरला पडली होती. १८६२ च्या त्या होमस्टेड कायद्यात फीची ही रीतच होती, शिवाय पाच वर्षं तिथे राहून जमीन कसून दाखवायची. १६० एकर घ्यायला पणजोबांना १८ डॉलर लागले. ती शोधायला मी ४२० घातले.

पुढे साक्षीदारांचे जबाब. मातीच्या ढेकळांचं घर, १४ बाय २० फूट, एक दार, दोन खिडक्या. एक विहीर, गोठा, ४५ एकर नांगरलेली. १८७४ च्या टोळधाडीनंतर काही महिने घर सोडून रेल्वेच्या कामाला गेले होते, तेही लिहिलंय. टोळांनी पीक खाल्लेल्या लोकांना हक्क न गमावता बाहेर राहायची मुभा तेव्हा कायद्याने दिली होती. त्या संध्याकाळी सासूबाईंनी कपड्यांची दोरी घेऊन मागच्या अंगणात १४ बाय २० मोजून घेतलं. आमचं गॅरेज त्याहून मोठं निघालं. त्या चौकोनात सात माणसं आणि नेब्रास्काची थंडी.

एक गोष्ट फाइलही सांगत नाही आणि साइट तर नाहीच. प्लॅट नदीच्या दक्षिणेची ही जमीन पॉनी या इथल्या मूळनिवासी लोकांनी १८३३ च्या करारात सोडली होती. नदीपलीकडे जेनोआजवळ त्यांची राखीव वसाहत होती. तीही सोडून ते इंडियन टेरिटरीकडे (आजचं ओक्लाहोमा) निघाले १८७४-७५ मध्ये. पणजोबा नांगर धरत होते तीच वर्षं. मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या थँक्सगिव्हिंगला "सरकारने फुकट दिली" हे वाक्य मात्र जेवणात आलं नाही.

स्वीडनचं गाव शेवटी चर्चच्या वहीत सापडलं. इथली स्वीडिश लुथरन मंडळी सभासदाच्या नावापुढे तो कुठल्या पॅरिशमधून (एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर) आला ते लिहायची. अशा वह्यांच्या फिल्म इलिनॉयमध्ये रॉक आयलंडला ऑगस्टाना कॉलेजच्या स्वेन्सन केंद्रात आहेत. गाव कळल्यावर स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेलो, तेही २०१८ पासून ऑनलाइन मोफत. तिथला पाद्री घराघरातल्या कुणाला धर्माचा धडा किती पाठ आहे ते तपासायचा, आणि त्याच वहीत कोण जन्मलं, कोण गाव सोडून गेलं याची नोंद व्हायची. एका पानावर बाप पेरसन, मुलगा योहान्सन, आणि त्यापुढे "उत्तर अमेरिका".

साइटला काय द्यावं मग? जनगणना चटकन मिळाली, हे मान्य. पहिला महिना घ्या, हवं ते उतरवून घ्या आणि निघा. लायब्ररी जवळ असेल तर तेवढंही नको. अडीच तारे, त्यातला अर्धा सासूबाईंच्या आग्रहाखातर.

आणि रद्द करायचं तर वेबसाइटवर जाऊन करा. मी सप्टेंबरात फोनमधून केलं, तर चॅटवरचा माणूस म्हणतो की प्लॅन वेबवर घेतलेला, फोनमधून रद्द धरत नाही. "रद्द झालं" असा संदेश आलेला स्क्रीनशॉट मी पाठवलाय. उत्तर "पाच ते सात कामाच्या दिवसांत". आज नववा दिवस. पैसे परत आले तर इथेच खाली लिहीन.