व्हिटॅमिन डी-थ्रीची 60,000 युनिटची पाकिटं: आठ आठवड्यांनंतर

आधी माझं सांगते. वय 48, राहायला इंदिरानगर, अंबडच्या एका कारखान्यात हिशोबाचं काम. सकाळी साडेसातची कंपनीची बस, घरी येईपर्यंत दिवेलागण. आईला वीस वर्षं डायबेटिस होता. शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला आणि रोजचं ड्रेसिंग मीच करायचे. त्यामुळे फेब्रुवारीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.1 आली, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिसचा उंबरठा. त्याच रिपोर्टात व्हिटॅमिन डी फक्त 11. डॉक्टरांनी आठवड्याला एक असं आठ आठवडे पाकीट लिहून दिलं.

पावडर चांगली आहे. गोडसर लागते, वास नाही, दुधात पटकन मिसळते. तळाशी थोडी राहते, म्हणून ग्लास विसळून प्यायचे. डी चरबीत विरघळतं, तेव्हा उपाशीपोटी पाण्याबरोबर घेण्यापेक्षा जेवणानंतर दुधातून घेतलेलं बरं.

खरेदीचा अनुभव मात्र वाईट. मेडिकलमधल्या मुलानं पाकिटांच्या पिशवीवर पेनानं 'रोज 1' लिहून दिलं. भाची फार्मसी शिकते, तिच्या नजरेला पडलं म्हणून बरं. रोज घेतलं असतं तर महिन्यात 18 लाख युनिट पोटात गेले असते. जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मुतखडा होऊ शकतो, किडनीला इजा होते. कृपा करून डॉक्टरांची चिठ्ठी स्वतः वाचा. त्याच काउंटरवर 'ताई, डी घेतलं की शुगर होतच नाही' असंही ऐकलं, आणि मी ते खरं मानून घरी आले होते.

भाचीनं मग समजावलं. अमेरिकेत उंबरठ्यावरच्या 2,423 लोकांवर मोठा अभ्यास झाला, निकाल 2019 ला आला. निम्म्यांना रोज 4,000 युनिट डी, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. सुमारे अडीच वर्षांत डी घेणाऱ्यांपैकी 293 जणांना डायबेटिस झाला, दुसऱ्या गटात 323 जणांना. एवढ्या फरकावरून डीमुळेच फायदा झाला असं म्हणता येत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचं डी मुळात कमी नव्हतंच, हेही ती म्हणाली. पुढे 2023 मध्ये तीन अभ्यास एकत्र केले तेव्हा धोका 15 टक्के कमी दिसला. म्हणजे थोडा उपयोग असेलही. पण 2002 च्या अमेरिकेतल्याच अभ्यासात चालणं, खाणं आणि वजन सांभाळणाऱ्यांचा धोका 58 टक्क्यांनी घटला होता. आपल्याकडच्या लोकांवरच्या अभ्यासात तोच आकडा साधारण 28 टक्के आला.

माझं म्हणाल, तर आठ आठवड्यांनी पोटऱ्यांची ठणक गेली. जिना चढताना कठड्याला धरावं लागत नाही. डी 34 झालं. त्यानंतर मे महिन्यात साखर पुन्हा तपासली, ती 6.1 च. मला फार वाईट वाटलं, कारण आशा सगळी त्या पाकिटावर होती.

जूनपासून पहाटे साडेपाचला जॉगिंग ट्रॅकवर पाऊण तास चालते. (त्या कोवळ्या उन्हात डी जवळजवळ बनत नाही, ते दुपारच्या आसपासच्या उन्हात बनतं. मला हेही माहीत नव्हतं.) रात्रीचा भात बंद, रविवारची मिसळ चालू पण पाव एकच. चार किलो वजन उतरलं आणि नोव्हेंबरात साखर 5.8 आली.

कमतरता असेल तर पाकिटाला माझे पाचपैकी चार तारे, एक तारा त्यावर ठळक अक्षरात 'आठवड्यातून एकदा' छापलेलं नाही म्हणून कमी. डायबेटिस टाळायला म्हणून कुणी विकत असेल, तर त्या भरवशावर घेऊ नका. आता डॉक्टरांनी महिन्याला एक सांगितलंय. दर पहिल्या रविवारी कॅलेंडरवर खूण करते, आणि मेडिकल बदललंय.