शिकाऊ उमेदवारीचं सरकारी पोर्टल: चांगलं आहे, पण करार बघून घ्या

कुपवाड, पलूस, शिरवळ किंवा सातारा एमआयडीसीत आयटीआयचा मुलगा पहिल्यांदा कामाला लागतो तो बहुधा अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार म्हणून. एसटी, महावितरणच्या शिकाऊ जागांनाही केंद्र सरकारच्या 'अप्रेंटिसशिप इंडिया' पोर्टलवरची नोंदणी लागते.

२०१९च्या नियमांनी ठरवलेलं महिन्याचं किमान विद्यावेतन: दहावी ६,०००, बारावी किंवा आयटीआय ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवी ९,०००. दहावी आणि पदवीत अंतर जेमतेम ३,००० रुपयांचं. पण ७,००० बघून नाक मुरडू नये. शेवटी परीक्षा पास झाल्यावर मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र जास्त मोलाचं. रेल्वेच्या लेव्हल-१, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीवरच्या भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिसशिप केलेल्यांसाठी राखीव असतात.

नोंदणी सोपी आहे: मोबाईल, ईमेल, आधार, मार्कशीट, बँक खातं. अडतं ते नावावर. आधारवर 'पाटील सागर' आणि मार्कशीटवर वडिलांसह पूर्ण नाव असलं की पडताळणी लटकते. आधी आधार दुरुस्त करा, मगच फॉर्म भरा.

दुसरी अडचण पैशांची. विद्यावेतनातला २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपयांचा वाटा केंद्र सरकार थेट खात्यात टाकतं. ७,००० ठरले असतील तर कंपनीकडून ५,५०० येतात आणि पोरांना वाटतं पैसे कापले. उरलेले १,५०० आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. नुसतं केवायसी पुरत नाही. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग करा', म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी खातं आधारला जोडा, असं स्पष्ट सांगावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचा करार. कंपनीनं तो पोर्टलवर तयार केला पाहिजे आणि तुम्ही आपल्या लॉगिनमधून मान्य केला पाहिजे. ट्रेड, कालावधी, रक्कम तिथंच वाचा. करार क्रमांक नसेल तर तुम्ही कागदोपत्री अप्रेंटिस नाहीच. वर्षभर लेथवर उभं राहूनही परीक्षेला बसता येणार नाही. 'ट्रेनी' म्हणून घेतलं आणि पगारातून पीएफ कापला, तरी तुम्ही अप्रेंटिस नाही असंच समजा, कारण अप्रेंटिस कायद्याखालच्या उमेदवाराला पीएफ लागू होत नाही.

डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी 'नॅट्स' हे वेगळं पोर्टल आहे. तिथं सरकारचा वाटा किमान विद्यावेतनाच्या निम्मा, म्हणजे ४,००० किंवा ४,५००. चुकीच्या ठिकाणी नोंदणी करून महिनाभर वाट बघणारे बरेच.

आयटीआयवाल्यांसाठी 'अप्रेंटिसशिप इंडिया' पोर्टलला पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो मदतीसाठी: तक्रार टाकली तरी उत्तर उशिरा येतं. त्यापेक्षा आपल्या आयटीआयमधल्या शिकाऊ उमेदवारी विभागात कागद घेऊन जावं, काम लवकर होतं.