सीटीई एमिंग कोर्स घ्यावा का? पूल खेळणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, पैसे वसूल झाले, पण जाहिरातीत जे सांगतात त्यासाठी नाही झाले. 'अँगलचा अंदाज विसरा, डोळे स्वतःच लाइन पकडतील' असं काहीतरी वाचून बरेच जण हा कोर्स घेतात, मीही त्याच आशेवर घेतला होता. कोर्सचं नाव देत नाही, कारण सीटीई ही पूलमध्ये नेम धरायची सिस्टीम शिकवणारे बरेच आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचा माल तोच. म्हणजे हा रिव्ह्यू खरं तर त्या सिस्टीमचा समजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे बहुतेक जण घोस्ट बॉलवर शिकतात. जो बॉल पॉट करायचाय त्याच्या मागे, पॉकेटच्या बरोब्बर उलट्या बाजूला, एक काल्पनिक व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) चिकटून बसलाय असं धरायचं आणि आपला खरा व्हाइट तिथे नेऊन बसवायचा. भूमिती शंभर टक्के बरोबर आहे. अडचण एवढीच की तो काल्पनिक बॉल दिसत नाही, आणि नऊ फुटी टेबलच्या या टोकाकडून त्या टोकाच्या हवेत ५७ मिलिमीटरचा गोळा कल्पून त्याचा सेंटर शोधायचा म्हणजे मनाचे खेळ. सीटीई म्हणजे सेंटर टू एज. ही सिस्टीम म्हणते जे दिसत नाही ते सोडा, जे दिसतं ते धरा. व्हाइटचा सेंटर दिसतो, समोरच्या बॉलची कड दिसते, ही झाली एक लाइन. व्हाइटच्या कडेपासून समोरच्या बॉलवरच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत दुसरी लाइन, या खुणांना ए, बी, सी म्हणतात, मधली बी आणि दोन बाजूंना चतुर्थांशावर ए आणि सी. दोन्ही लाइनी एकाच वेळी नीट बसलेल्या दिसल्या की तिथेच उभं राहायचं, नजर व्हाइटवर न्यायची, क्यूची टीप सेंटरपासून अर्धी टीप डावीकडे किंवा उजवीकडे ठेवून खाली उतरायचं आणि मग सेंटरवर वळवायची, या वळवण्याला पिव्हट म्हणतात. अर्धी टीप म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. अमेरिकेत हॅल हूल नावाच्या माणसाने ही कल्पना पसरवली आणि पुढे स्टॅन शफेटने प्रो वन या नावाने ती पद्धतशीर मांडली, आज जे काही शिकवलं जातं त्याचं मूळ बहुतेक तिथेच जातं.

वाचायला सोपं वाटतंय ना, टेबलवर गेलं की पहिले काही दिवस डोकं आऊट होतं. उभं राहून बघताना डोकं इंचभर डावीकडे नेलं की एक लाइन बसते आणि दुसरी सुटते, उजवीकडे आणलं की पहिली सुटते, आणि मग कधीतरी अचानक दोन्ही बसतात, तेव्हा व्हाइट समोर एकदम 'लॉक' झाल्यासारखा दिसतो. हा लॉक होण्याचा प्रकार खरा आहे, त्याची चेष्टा करणाऱ्यांनी आधी करून बघावं. माझ्यासोबत खेळणारा एक मित्र तर म्हणाला की इतकी वर्षं आपण कुठे उभे राहतो याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

आणि माझ्या मते कोर्सचा खरा फायदा नेमका इथेच आहे. पार्लरमध्ये आसपास बघा, दहातले आठ जण आधी वाकतात आणि मग खाली गेल्यावर क्यू इकडून तिकडे सरकवत अँगल शोधतात. सीटीई तुम्हाला हे करूच देत नाही, सगळा निर्णय उभं असतानाच घ्यावा लागतो, कारण त्या लाइनी वरूनच दिसतात. मग दर शॉटला तेच करायचं, मागे उभं राहा, बघा, पाऊल टाका, उतरा. ही शिस्त एकदा अंगात मुरली की पॉटिंग सुधारतंच, मग त्या ए-बी-सी खुणा भूमितीने बरोबर असोत की नसोत. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत पूर्वी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवलेले डेव्हिड अल्सियाटोर, पूलवाले त्यांना डॉ. डेव्ह म्हणतात, तेही साधारण हेच सांगत आलेत की एमिंग सिस्टीमचे फायदे खरे असतात पण ते रुटीनमधून आणि एकाग्रतेतून येतात. त्यांचं साहित्य इंटरनेटवर फुकट आहे, आधी ते बघा, मग कार्ड काढा.

आता भूमिती. सीटीईची मूळ लाइन, म्हणजे व्हाइटचा सेंटर समोरच्या बॉलच्या कडेवर, हा दुसरं तिसरं काही नसून हाफ बॉल शॉट आहे, आणि हाफ बॉलला कट अँगल, म्हणजे समोरचा बॉल व्हाइटच्या वाटेपासून जितका वळून जातो तो कोन, ३० अंश येतो. बॉल किती झाकला जातो त्यावर अँगल ठरतो, थ्री-क्वार्टर झाकला तर साधारण १४.५, अर्धा तर ३०, क्वार्टर तर जवळजवळ ४९, आणि आठवा हिस्सा तर ६१ च्या आसपास. हे शाळेतलं साइन आहे, यात कुणाचं गुपित नाही. पण प्रत्यक्षात शॉट काही मोजून १५, ३०, ४९ चे येत नाहीत, २२ चा येतो, ३७ चा येतो. सिस्टीममध्ये मोजक्या खुणा आणि दोन बाजूंचे पिव्हट मिळून मोजकेच अँगल तयार होतात, मधले कुठून आणायचे? कोर्समध्ये उत्तर असं की टेबल दोनास एक या प्रमाणात असतं, नऊ फुटीचं खेळायचं कापड १०० इंच बाय ५० इंच, आणि त्या प्रमाणामुळे नजर आपोआप जुळवून घेते. हे काही मला पटलं नाही. दोन बॉलना पॉकेट कुठे आहे हे माहीत नसतं. दोन्ही बॉल तसेच ठेवून पॉकेट फक्त चार इंच सरकवलं तर ए-बी-सी खुणा आणि कडा होत्या तशाच राहतात, शॉट मात्र बदलतो. म्हणजे मधला फरक कोण भरून काढतं? तुमचा अंदाज, जो सोडा म्हणून सांगितलं होतं तोच.

हे बघायला एक उद्योग केला. दुपारी पार्लर रिकामं असतं तेव्हा फायलीच्या भोकांना लावतात त्या गोल रिंगा कापडावर चिकटवून दोन्ही बॉलच्या जागा पक्क्या केल्या आणि तिथल्या मार्करकाकांना, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या काकांना, पॉकेटसमोर वर्तमानपत्र धरून उभं केलं. 'अहो दादा, पॉकेट दिसत नाही तर मारताय कशाला?' असं म्हणत म्हणत का होईना, उभे राहिले बिचारे. पेपर लावायच्या आधी पॉकेट बघून खूण ठरवायची, मग पेपर वर आणि शॉट फक्त लाइनींवर. ३० अंशाच्या आसपासचे शॉट पेपर लावूनही सुंदर गेले, जाणारच, तो हाफ बॉलच आहे. पण दोन खुणांच्या मधल्या अँगलचे शॉट एकाच बाजूला, थोडे जाड, म्हणजे हवा त्यापेक्षा कमी कट होऊन, असे चुकत राहिले, आणि पेपर खाली केल्याबरोबर तेच शॉट जायला लागले. डोळा पॉकेटकडे बघून गुपचूप सुधारणा करत होता. सीटीईवाले म्हणतील पॉकेट झाकल्यावर टेबलचं भानच जातं, मग सिस्टीम चालेलच कशी. चालू दे वाद. मला जे कळायचं ते कळलं.

एवढ्याशा फरकाने काय होतं असं वाटत असेल तर हे बघा. हाफ बॉल शॉटला व्हाइट फक्त एक मिलिमीटर इकडे तिकडे लागला तर समोरचा बॉल एक अंशापेक्षा थोडा जास्त चुकतो, म्हणजे मीटरभर पुढे गेल्यावर दोन सेंटीमीटर, दोन मीटरवर चार. कॉर्नर पॉकेटचं तोंड साडेचार इंचाच्या आसपास, बॉल सव्वादोन इंचाचा, म्हणजे बरोब्बर मधून गेला तर दोन्ही बाजूंना तीन सेंटीमीटरसुद्धा मोकळे नाहीत. ६० अंशाच्या पातळ कटला तोच मिलिमीटर दोन अंश खातो. आता यात अर्ध्या टिपेचा पिव्हट हाताने करायचा, तोही पावसाळ्यात सादळलेल्या कापडावर, चॉकने माखलेल्या बॉलनी. अजून एक गोष्ट जी कोर्सने पाच मिनिटांत गुंडाळली ती म्हणजे थ्रो. दोन बॉल घासतात तेव्हा समोरचा बॉल भूमितीपेक्षा थोडा जाड जातो, हळू मारलेल्या स्टन शॉटला (व्हाइट न फिरता नुसता घसरत जाऊन लागतो तो) सगळ्यात जास्त, काही अंशांपर्यंत. बॉल मळके असतील तर अजून वाढतो. अमेरिकेतल्या चकचकीत बॉलवर शूट केलेले व्हिडिओ आणि आपल्या पार्लरमधले वर्षानुवर्षं न धुतलेले बॉल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तिथली परफेक्ट लाइन इथे जाड जाते आणि पोरं सिस्टीमला शिव्या घालतात. मी तर आता खेळायला बसायच्या आधी ओल्या फडक्याने बॉल पुसून घेतो, काउंटरवरचे लोक हसतात, हसू देत.

चष्मेवाल्यांनी हा पुढचा भाग वाचाच. व्हिज्युअल सिस्टीम आहे म्हटल्यावर कोर्समध्ये चष्म्याबद्दल कुणीतरी बोलेल असं वाटलं होतं, एक अक्षर नाही. उभं असताना लाइनी भिंगाच्या मधून दिसतात, खाली उतरलं आणि हनुवटी क्यूजवळ आली की नजर भिंगाच्या वरच्या कडेतून किंवा थेट फ्रेमच्या वरून जाते, आणि मघाशी लॉक झालेला व्हाइट हलतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर विचारूच नका. १९८५ ला स्नूकरची वर्ल्ड चॅम्पियनशिप शेवटच्या ब्लॅकवर जिंकणाऱ्या डेनिस टेलरचा तो उलटा घातल्यासारखा दिसणारा अवाढव्य चष्मा आठवा, तो काही फॅशन म्हणून नव्हता. मी शेवटी एक मोठ्या भिंगाची, नाकावर उंच बसणारी जुनी फ्रेम शोधून काढली, दिसायला ऐंशीच्या दशकातला हेडमास्तर, पण खाली गेल्यावर कड स्वच्छ दिसते. कोर्सपेक्षा याच्याने जास्त फरक पडला म्हटलं तरी चालेल. शिवाय क्यू नेमका कुठल्या डोळ्याखाली यायला हवा हे प्रत्येकाचं वेगळं असतं, कुणाचं हनुवटीच्या मधोमध, कुणाचं उजव्या डोळ्याकडे सरकून. सरळ शॉट लावून, डोकं थोडं थोडं हलवून, कुठे ती लाइन खरोखर सरळ दिसते ते आधी शोधा, मग कुठलीही सिस्टीम धरा.

कुणी घ्यावा? ज्याचा स्ट्रोक सरळ आहे त्याने. व्हाइट लांबीच्या मधल्या लाइनवर ठेवून समोरच्या कुशनला सरळ मारा, परत येऊन तुमच्या टिपेलाच लागला पाहिजे. तो एक हात लांब जात असेल तर तुमचा प्रॉब्लेम एमिंग नाहीच, तुम्ही नकळत साइड, म्हणजे व्हाइटला बाजूचा स्पिन, देताय, आणि साइड दिली की व्हाइट निघतानाच लाइन सोडतो, मग भले ए बघा नाहीतर झेड. अशांनी ते पैसे एखाद्या चांगल्या कोचबरोबर दोन-चार तास घालवायला वापरावेत. अगदी नवख्यांनीही नाही, त्यांना आधी बॉल हजारवेळा जाताना आणि चुकताना बघायला हवा. आणि जे वर्षानुवर्षं खेळतात, कधी मस्त खेळतात आणि कधी एक बॉल जात नाही, कारण काय ते कळत नाही, त्यांना याचा उपयोग होईल, त्या शिस्तीसाठी.

माझ्यापुरतं म्हणाल तर पिव्हट मी सोडला. ठेवलं काय तर हाफ बॉल. आता शॉट बघितला की पहिला प्रश्न, हा हाफ बॉलपेक्षा जाड आहे की पातळ? जाड असेल तर थ्री-क्वार्टर आणि हाफच्या मधे कुठे, बस, बाकीचं डोळ्यावर. आणि हाफ बॉलचा बोनस असा की घरंगळत जाणारा व्हाइट क्वार्टरपासून थ्री-क्वार्टरपर्यंत कसाही लागला तरी आपल्या मूळ वाटेपासून साधारण ३० अंशांनीच वळतो, म्हणजे पुढची पोझिशनही कळते. डॉ. डेव्ह त्यासाठी दोन बोटांचा व्ही टेबलवर धरून दाखवतात, ते मात्र जरूर शिका, आमच्याकडे हरणारा टेबलचे पैसे भरतो आणि त्या व्हीने माझे बरेच वाचलेत.

कोर्सच्या क्वालिटीबद्दल थोडक्यात. व्हिडिओ लांबट, एकच गोष्ट चार वेळा, कॅमेरा बऱ्याचदा शिकवणाऱ्याच्या पाठीमागे आणि तिथून लाइन दिसतच नाही, जी गोष्ट बघायची तीच झाकलेली. सबटायटल नाहीत. ईमेलला उत्तर मात्र आलं आणि नीट आलं, याचे मार्क देतो. पाचपैकी तीन, चष्मा नसेल तर साडेतीन.

आणि त्या रिंगांचं, कापडावर चिकटवायच्या आधी मालकाला विचारून घ्या, काढल्यावर गोंद राहतो आणि नवीन कापड असेल तर फारच ऐकून घ्यावं लागतं.