बायोडिझेल की साधं डिझेल: चार-पाच गाड्यांच्या मालकाने काय भरावं?

कळंबोली-तळोज्याकडे छोटा ट्रान्सपोर्टचा धंदा असेल, तर बायोडिझेलचं, म्हणजे वनस्पती तेलापासून किंवा वापरलेल्या तळणाच्या तेलापासून बनवलेल्या डिझेलचं, गणित तुम्हालाही कुणीतरी मांडून दाखवलं असेल. लिटरमागे स्वस्त, धूर कमी, वर जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा. यातलं काहीच खोटं नाही. मी डिझेलमध्ये वीस टक्के मिसळून वापरलं आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

क्रेडिटचं आधी बघा. डिझेल जीएसटीबाहेर असल्याने त्यावर क्रेडिट मिळत नाही, बायोडिझेलवर मिळू शकतं. पण भाड्यावरचा कर तुम्ही स्वतः लावत असाल तरच. तुमचा कर पार्टी रिव्हर्स चार्जमध्ये भरत असेल, तर हा फायदा हिशेबातून काढून टाका. अ‍ॅव्हरेजचं फार मनावर घेऊ नका. शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा आठेक टक्के कमी असते, वीस टक्के मिश्रणात तो फरक दीड-दोन टक्क्यांवर येतो. सपाट रस्त्यावर मला तो कळलाच नाही, कसारा घाटात भरलेल्या गाडीला थोडा कळला.

स्वस्ताई टिकेल का, हा खरा प्रश्न. बायोडिझेलच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कच्च्या मालाचा, म्हणजे पाम स्टिअरिनसारख्या (पामतेलाचा घट्ट भाग) तेलाचा, आणि तो बाहेरून येतो. पामतेल तापलं की डिझेल जागेवर असतानाही बायोडिझेल महागतं. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं, भिस्त जट्रोफाच्या बियांच्या तेलावर होती. ते जमलं नाही. २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत ५ टक्के ठेवलं. वापरलेलं तळणाचं तेल हा मला सगळ्यात पटणारा मार्ग. वाशी-ठाण्याच्या हॉटेलांतलं जळकं तेल पुन्हा कुणाच्या कढईत जाण्यापेक्षा इंजिनात जळावं, असं मला मनापासून वाटतं. पण ते डबा-डबा गोळा करायचं म्हणजे खर्च आलाच.

माझा निर्णय मात्र फिल्टरने केला. बायोडिझेल टाकीतला जुना चिकटा सोडवतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर चोंदणार, हे धरूनच चाललो होतो. त्रास पावसाळ्यात झाला. हे इंधन डिझेलपेक्षा बरंच जास्त पाणी धरतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली. न्हावा-शेव्याच्या रांगेत गाडी अर्ध्या टाकीवर रात्रभर उभी. सकाळी वॉटर सेपरेटरचा स्क्रू सैल केला की खाली दुधट पाणी आणि बोटाला बुळबुळीत लागणारा तपकिरी गाळ. फिल्टरची किंमत फार नसते हो, पण उरणफाट्याला गाडी बंद पडली की भाडं बुडतं आणि पार्टीचा फोन वाजत राहतो. लिटरमागे वाचलेले पैसे त्या एका खोळंब्यात जातात.

तुमच्या गाड्या रोज फिरून टाकी रिकामी करत असतील, तर कदाचित वेगळं चित्र दिसेल. उभ्या राहणाऱ्या गाड्यांत, त्यातही बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमांच्या) गाड्यांमध्ये, मी तरी डिझेलच भरतो. करून बघायचंच असेल तर दिवाळीनंतर सुरू करा, कंपनीचं मॅन्युअल किती टक्क्यांना परवानगी देतं ते वाचा, आणि प्रत्येक खेपेचा आयएस १५६०७ (बायोडिझेलचं भारतीय मानक) प्रमाणे चाचणी अहवाल मागा. त्यात पाण्याचा आकडा किलोमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवा. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर माल घेऊ नका. बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच तेल विकणारेही आहेत.