दांडी टेबलावर पडली होती, तरी मशीन आकडे दाखवत राहिलं: ८२,१५० रुपयांची फसवणूक

मी वऱ्हाडातल्या एका गावात २२ वर्षांपासून कृषी केंद्र चालवतो. घरची चार एकर कोरडवाहू आहे. हे आधीच सांगतो, कारण अडाणी होता म्हणून फसला असं म्हणून कुणी हे बाजूला सारू नये. पक्कं बिल घ्या, लॉट नंबर बघा, बियाण्याची पिशवी टॅगसकट जपून ठेवा, मूठभर बियाणं तिच्यात राहू द्या, उगवलं नाही तर तक्रारीला तेच कामी पडतं, हे मी दर मृगात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो. चोर बीटी, म्हणजे मान्यता नसलेलं कपाशीचं बियाणं, विकायला आलेल्यांना मी दुकानाच्या पायरीवरून परत पाठवलं आहे. तोच मी 'नैसर्गिक आरोग्य' शिबिरवाल्यांच्या नादी लागून ८२,१५० रुपये घालवून बसलो, आणि बायकोचा जीव जाता जाता राहिला. वर्षभर हे लिहू की नको, यातच गेलं. घरचे म्हणतात, झालं ते झालं, गावात तोंड दाखवायचं आहे. पण मागच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या पारावर तसलंच बॅनर लागलेलं पाहिलं आणि रात्री झोप आली नाही.

ही माणसं कधी येतात ते बघा. खताच्या रांगा लागलेल्या असतात, तेव्हा त्यांचं तोंडही दिसत नाही. ती येतात दिवाळीनंतर, सोयाबीन विकून झालं, कापसाची पहिली वेचणी झाली आणि माझ्यासारख्याची उधारी वसूल झाली की. २०२४ ची दिवाळी नुकतीच झाली होती. सोयाबीनला हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, माझं ९ क्विंटल व्यापाऱ्याने ४,०५० ने घेतलं. ३६,४५० रुपये हातात होते. तेवढ्यात साडभाऊंचा, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याचा, फोन आला. "भाऊ, गोळ्या कायले खाता जन्मभर? एक डाव येऊन तं पाहा."

बायकोला सहा वर्षांपासून साखर आहे. उपकेंद्रातून फुकट मिळणारी मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ चालू होती, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी (एचबीए१सी) ७.४ होती. म्हणजे फार उत्तम नाही, पण आटोक्यात. चाललं होतं ते चालू द्यायचं होतं. पण जन्मभर गोळी हा शब्द माणसाला खातो. ज्याच्या घरात रोजची गोळी आहे त्यालाच ते कळेल.

पहिला कार्यक्रम आमच्याच गावच्या समाज मंदिरात झाला. नाव होतं नैसर्गिक आरोग्य व आत्मविकास मार्गदर्शन. सरपंचाने हार घातला. तपासणी फक्त १०० रुपये. दोघांचे २०० दिले. लॅपटॉपला जोडलेलं एक छोटं यंत्र, त्याला वायर, वायरीच्या टोकाला पितळेसारखी दांडी. नाव, वय, उंची, वजन आधी टाइप करायचं, मग दांडी मुठीत धरायची. दीड मिनिटात ३८ पानांचा अहवाल. यकृत, मूत्रपिंड, हाडं, मेंदूचा रक्तपुरवठा, सगळं त्यात. रक्ताचा थेंबही काढला नाही.

बायकोच्या हातात दांडी होती तेव्हा घरून सुनेचा फोन आला. तिने दांडी टेबलावर ठेवली आणि फोन घेऊन बाजूला गेली. मी स्क्रीनकडे बघत होतो. आकडे चालूच होते. पट्टी ४० वरून ६० वर गेली, ६० वरून ८० वर. कुणाच्या हातात काही नव्हतं. ती परत आली तोवर १०० झालं आणि अहवाल छापून निघाला. त्यात तिच्या स्वादुपिंडाचं काम किती टक्के चालतं तेही लिहिलेलं होतं.

मी ते पाहिलं होतं. माझ्या दोन डोळ्यांनी पाहिलं होतं. आजही काट्यावर पोतं ठेवताना ते आठवतं आणि हात थांबतो. रिकाम्या काट्याने वजन दाखवलं तर मी त्या क्षणी काटा बंद करतो. मग तेव्हा तोंड का नाही उघडलं? समोर सरपंच बसलेला, साडभाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे, मागे गावातल्या तीस-चाळीस बायाबापड्या रांगेत. वाटलं, आपल्यालाच यातलं काही कळत नसेल, आधीच वाचून झालं असेल यंत्राचं. इतक्या लोकांत साडभाऊंना खाली कसं पाहायला लावायचं? तुम्ही माझ्या जागी असता तर उठला असता का, हे स्वतःला विचारा. आणि पुढच्या वेळी उठा. दांडी खाली ठेवा, यंत्र थांबतं का पाहा, सगळ्यांदेखत पाहा.

मग तालुक्याला मंगल कार्यालयात तीन दिवसांचं शिबिर, माणशी ४,५००, दोघांचे ९,००० रोख. मंचावर गांधीजी, गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांचे फोटो. सुरुवात सामुदायिक प्रार्थनेने. आमच्या भागात ती प्रार्थना सुरू झाली की माणूस चप्पल काढून मनानेही खाली बसतो. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पहाटे ५ ला उठणं, प्राणायाम, चहा बंद, मोड आलेले मूग, पोटावर मातीची पट्टी. खोटं बोलणार नाही, पहिल्या दिवशी बरं वाटलं. सकाळी चालावं, ज्वारीची भाकर खावी, रात्री वेळेवर झोपावं, याला माझा विरोध नव्हता आणि आजही नाही. निसर्गोपचार ही खरी विद्या आहे, त्याची साडेपाच वर्षांची पदवी असते. शिबिरातल्या एकाकडेही ती नव्हती. आम्ही विचारली नाही.

गांधीजींनी कधी इंग्रजी औषध घेतलं नाही, असं शिबिर घेणाऱ्या सरांनी मंचावरून सांगितलं. गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला हे खरं आहे. पण १९२४ साली पुण्याच्या ससूनमध्ये त्यांचंच अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, हे मला मुलाने नंतर दाखवलं. जिवावर आलं तेव्हा त्यांनीही सुरी लावून घेतली. मंचावर अर्धंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डोळे मिटून आई-बापाची आठवण काढायला लावली. अख्खं सभागृह रडलं, मीही रडलो. माझा बाप कर्जात गेला आहे, मला रडायला किती वेळ लागणार? त्यानंतर प्रत्येकाला एक कागद दिला. मनातली शंका त्यावर लिहा आणि शेकोटीत जाळा. मी लिहिलं, 'मशीन'. एवढाच शब्द. आणि स्वतःच्या हाताने तो जाळला. त्यानंतर कुणी काही विचारलं की बाकीचेच म्हणायचे, नकारात्मक बोलू नका. त्यांना बोलायची गरजच उरली नव्हती, आम्हीच एकमेकांवर पहारा ठेवून होतो. शंका जाळा असं जिथे सांगतात तिथून बॅग उचलून निघा, भरलेले पैसे गेले तरी चालतील.

तिथेच बायकोसाठी ९० दिवसांचा पावडरीच्या डब्यांचा कोर्स घेतला, १८,७५० रुपये, फोनपेने. पैसे संस्थेच्या नाही, एका बाईच्या खात्यावर गेले. पाणी अल्कलाइन करतो म्हणून दिलेला जग ३,२०० रोख. पावतीवर लिहिलं होतं 'ऐच्छिक देणगी'. मी विचारलं तर म्हणाले, "कर वाचतो, सर." आणि डब्यावर, अगदी बारीक अक्षरात, इंग्रजीत होतं: नॉट फॉर मेडिसिनल यूज. औषध म्हणून वापरू नये. मी कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल आहे की पिवळा हे पाहिल्याशिवाय डबा फळीवर ठेवत नाही. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीच्या विषाने माणसं मेली, तेव्हापासून तर प्रत्येकाला लेबल वाचून दाखवतो. हा डबा मात्र मी वाचला घरी आल्यावर, पंधरा दिवसांनी, आणि तेव्हाही स्वतःची समजूत घातली की सरकारी नियमामुळे लिहावं लागत असेल. नियम आहेच, आणि तो खरं सांगण्यासाठीच आहे. तसल्या पावडरी खाद्यपदार्थ म्हणून विकल्या जातात. डब्यावर अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर असतो आणि हे लोक त्यालाच औषधाची सरकारी मान्यता म्हणून दाखवतात.

याच भरात त्यांचा विक्रेता व्हायला मी ५१,००० भरले. ३०,००० फोनपेने, २१,००० रोख. सोयाबीनचे सगळे गेले त्यात, वरचे उधारीतले. त्याबदली ३० डबे, एक बॅनर आणि वेलनेस कोच असं लिहिलेलं ओळखपत्र. माणूस जोडला की वाटा. मी लालची नव्हतो. दुकान पाच महिने चालतं, सात महिने बसून खातं, जोडधंदा हवा होता. आणि आपल्या माणसांचं भलं होईल असं मनापासून वाटत होतं. ११ डबे मी गावात विकले, १,४५० ला एक. ज्यांना लॉट नंबर बघा म्हणत होतो त्यांनाच विकले. सगळ्यांचे मिळून १५,९५० रुपये मी घरोघरी जाऊन परत केले. कुणी घेतले, कुणी म्हणालं राहू द्या भाऊ. ज्यांनी राहू द्या म्हटलं त्यांच्याही हातात ठेवूनच आलो.

जानेवारीत बायकोच्या गोळ्या बंद केल्या. सरांचा आदेश होता, शिवाय दिवसातून चार वेळा फळांचा रस आणि मध घातलेला काढा. गावच्या आशा कार्यकर्त्या, आमच्या आशाताई, दारात येऊन म्हणाल्या, "वहिनी, गोळ्या बंद नोका करू बाप्पा." मी त्यांच्यावर ओरडलो. तुम्हाला टार्गेट असतं म्हणून सांगता, असंही बोललो. त्यांची माफी मी नंतर मागितली, पण ते वाक्य परत घेता येत नाही.

"अवो, रातभर उठबस चालू हाय माही, घसा सुकून रायला," बायको सांगायची. शिबिरवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर विचारलं तर उत्तर यायचं, शुद्धीचा त्रास आहे, घाण बाहेर पडते आहे, घाबरू नका. वजन सहा किलो उतरलं. त्यांनी तिचा आधीचा आणि नंतरचा फोटो ग्रुपवर टाकला, दोनशे लोकांनी टाळ्या पाठवल्या. ते वजन साखरेने उतरत होतं. शरीर आतून जळत होतं आणि आम्ही पेढे वाटले. जिथे त्रास वाढणं हेच गुण येण्याचं लक्षण ठरवलं जातं, तिथे माणूस मरेपर्यंत कुणाचं काही चुकत नाही. साखर मोजायचा ग्लुकोमीटर ५०-६० घरं पलीकडे आशाताईंकडे होता. बोटाला एक टोचणी, एवढंच करायचं होतं.

गोळ्या थांबवून ४१ वा दिवस होता. उलट्या सुरू झाल्या, बोलणं जड झालं. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात साखर ४८६ निघाली. चार दिवस सलाईन आणि इन्सुलिन, २३,४६० रुपये. हे वरच्या ८२,१५० मध्ये धरलेले नाहीत. सरांना फोन केला तर म्हणाले, तुमची श्रद्धा कमी पडली. दोन दिवसांनी मला ग्रुपमधून काढलं.

आता पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात पाच वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा ठाणे अंमलदार म्हणाला, "भाऊ, तुमाले बंदूक लावली होती काय कोनी?" तिसऱ्यांदा पावती पाहून म्हणाले, ही तर देणगी आहे, दिवाणीत जा. फसवणुकीचं जुनं कलम ४२० म्हणजे आताचं ३१८, खोटं सांगून पैसे काढणं हाच तर तो गुन्हा आहे, असं मी म्हटलं तर मलाच वकील आहात का विचारलं. अर्ज घेतला, पोचही दिली नाही. चौथ्यांदा अर्ज सापडत नव्हता. पाचव्यांदा दुसरा अर्ज दिला आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय उठलो नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी शिक्का घ्या.

अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्याच्या कार्यालयात अन्नाचे अधिकारी म्हणाले, औषधाचा दावा आहे, बाजूच्या खोलीत जा. बाजूच्या खोलीत म्हणाले, डब्यावर दावा नाही, म्हणजे अन्न आहे, तिकडे जा. सहा फुटांच्या व्हरांड्यात मी दीड दिवस फिरलो. मग म्हणाले, लेखी जाहिरात आणा, तोंडी बोलण्याला पुरावा नसतो. मी घरी येऊन १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा मुलाकडून काढून वाचला. ज्या रोगांवरच्या उपचाराची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत मधुमेह आहे आणि जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणाही आहे. दुसऱ्या फेरीला ते पान छापून नेलं. साहेब रजेवर.

माझ्या दुकानात कृषी खात्याचे गुणनियंत्रणवाले येतात. साठा पुस्तकात एका पोत्याचा फरक निघाला तर विक्रीबंदचा आदेश हातात ठेवतात. परवाना भिंतीवर, भावफलक दारात, बिलावर सही. युरियासाठी एवढं, आणि माणसाच्या अंगातली गोळी बंद करायला कुणाचाही परवाना लागत नाही? समाज मंदिर कुणी दिलं याची ग्रामपंचायतीत नोंद नाही. सरपंच म्हणतो, मी फक्त हार घातला. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन लावला तेव्हा पैसे जाऊन तीन महिने झाले होते. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. ग्राहकांसाठीच्या १९१५ या हेल्पलाइनवरच्या मुलीने नीट समजावून सांगितलं, सगळ्या प्रकरणात तेवढीच एक व्यक्ती माझ्याशी माणसासारखी बोलली. २०२१ च्या थेट विक्रीच्या (माणसं जोडून माल विकायच्या) नियमांत प्रवेश फी घेणं बंद आहे, हेही तेव्हाच कळलं. दोन तारखा झाल्या, समोरून कुणी आलं नाही.

साडभाऊंचं आणि आमचं बोलणं बंद आहे. त्यांचे माझ्यापेक्षा जास्त गेले, पण ते अजूनही म्हणतात, सरांचं चुकलं नाही. दोघी बहिणी आता लग्नकार्यात एका पंगतीत बसत नाहीत. याचा आकडा मला मांडता येत नाही.

बायको पुन्हा गोळ्या घेते, सकाळी पाणंद रस्त्याने दोन किलोमीटर चालते. मागच्या तपासणीत ७.१ आलं.

१९ डबे दुकानाच्या मागच्या खोलीत तसेच आहेत, सीलबंद. त्या शिबिरात २०२४ च्या डिसेंबरात जे कुणी बसले होते, त्यांनी डबे फेकू नयेत, देणगीच्या पावत्या फाडू नयेत, ग्रुपवरचे आवाजाचे संदेश पुसू नयेत. गोळ्या बंद करायला सांगणारा एक संदेश माझ्याकडे आहे, तो ४७ सेकंदांचा आहे. आणखी कुणाकडे असेल तर पुढच्या तारखेला माझ्यासोबत या. गाडीभाडं मी देईन.